ल्युकेमियाच्या पेशी हार्मोन बदलतात, म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांच्या भाच्याला बी-पेशींचा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल, झाला आहे. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होऊन दोन आठवडे झाले. प्रश्न विचारणारी व्यक्ती बायोकेमिस्ट्री शिकलेली आहे. ल्युकेमियाच्या पेशींत आणि बोन मॅरोत, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या मज्जेत, हार्मोन घडवणारी आणि मोडणारी एन्झाइम असतात, असं त्यांच्या वाचनात आलं. त्यातलं एक एन्झाइम कॉर्टिसॉल निष्प्रभ करतं. दुसरं, एकेआर१सी३, इंडोमेथासिन या वेदनाशामकाने अडवता येतं. म्हणून तीन गोष्टी विचारल्या आहेत: मुलाच्या हार्मोनच्या तपासण्या कराव्यात का, पेशीतल्या या एन्झाइमची तपासणी करून घ्यावी का, आणि इंडोमेथासिन सुरू करावं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते लांबवण्यासारखं नाही. इंडोमेथासिन देऊ नका. इंडक्शनच्या, म्हणजे उपचारांच्या पहिल्या टप्प्याच्या, आठवड्यांत मुलाचे प्लेटलेट आधीच कमी असतात आणि हे औषध उरलेल्या प्लेटलेटचं कामही बिघडवतं. सोबत स्टेरॉइड चालू असताना जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि तोही अशा वेळी जेव्हा मरणाऱ्या लाखो पेशींचा कचरा, युरिक अ‍ॅसिड आणि फॉस्फेट, मूत्रपिंडालाच बाहेर टाकायचा असतो. पुढे मेथोट्रेक्झेट हे केमोथेरपीचं औषध मोठ्या डोसमध्ये दिलं जाईल, तेव्हा या गटातली वेदनाशामकं ते शरीराबाहेर पडू देत नाहीत आणि विषबाधा होते. ताप किंवा अंगदुखीसाठीसुद्धा आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घरच्या घरी देऊ नका. पॅरासिटामॉलही ताप मोजून, वॉर्डात कळवल्यानंतरच द्यायचं, कारण या मुलांत ताप झाकला गेला की जंतुसंसर्ग उशिरा लक्षात येतो.

आता मूळ विषयाकडे. तो मला मनापासून आवडतो, आणि तुम्ही बायोकेमिस्ट्री शिकलेले आहात म्हणून थोडं खोलात जातो.

एएलएलचे उपचार गोळीच्या रूपातल्या हार्मोनने सुरू होतात, हे बऱ्याच कुटुंबांच्या लक्षात येत नाही. प्रेडनिसोलोन हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या कॉर्टिसॉलचं भावंड. १९४३-४४ च्या सुमारास येल विद्यापीठात थॉमस डॉहर्टी आणि अब्राहम व्हाइट यांना दिसलं की अ‍ॅड्रिनल ग्रंथीला उत्तेजन दिलं की उंदरांच्या लसिका ग्रंथी आणि थायमस आक्रसतात. १९४४ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या हाइलमन आणि केंडल यांनी 'कंपाउंड ई' नावाचा अ‍ॅड्रिनलमधला पदार्थ लिम्फोसार्कोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, असलेल्या उंदरांना दिला आणि गाठी विरघळल्या. केंडल यांना पुढे १९५० मध्ये हेंच आणि राइखश्टाइन यांच्यासोबत नोबेल मिळालं.

या प्रयोगातली एक गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. कंपाउंड ई म्हणजे कॉर्टिसोन, आणि कॉर्टिसोन स्वतः जवळजवळ निष्क्रिय आहे. त्याच्या अकराव्या कार्बनवर कीटोन गट असतो, त्यामुळे ते ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या या हार्मोनला धरणाऱ्या प्रथिनाला, नीट चिकटत नाही. मग उंदरांच्या गाठी कशाने विरघळल्या? यकृतातल्या एका एन्झाइमने त्या कीटोनचं हायड्रॉक्सिल केलं आणि सक्रिय हार्मोन तयार झालं म्हणून. त्या एन्झाइमचं नाव ११-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजनेज, प्रकार १. कॅन्सरवर हार्मोन वापरण्याच्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक असा एन्झाइमच्या जिवावर यशस्वी झाला.

अमेरिकेत आजही अनेक ठिकाणी प्रेडनिसोन देतात. ते कॉर्टिसोनसारखंच आहे, यकृतातून गेल्यावर प्रेडनिसोलोन होतं. आपल्याकडे मिळणाऱ्या गोळ्या, वायसोलोन वगैरे, थेट प्रेडनिसोलोनच्या असतात. त्यामुळे ती एक पायरी वाचते.

याच एन्झाइमचा दुसरा प्रकार उलट दिशेने काम करतो. प्रकार २ हा कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करतो आणि प्रेडनिसोलोनचं प्रेडनिसोन. त्याचं मुख्य ठिकाण मूत्रपिंड. तिथे मीठ-पाणी सांभाळणारा अल्डोस्टेरॉनचा रिसेप्टर असतो, आणि त्याला कॉर्टिसॉलही तितक्याच घट्टपणे चिकटतं. रक्तात कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनच्या कितीतरी पट असल्यामुळे तो रिसेप्टर कायम कॉर्टिसॉलनेच भरलेला राहिला असता. प्रकार २ दारातच कॉर्टिसॉल निष्क्रिय करतो, म्हणून अल्डोस्टेरॉनला वाव मिळतो. मोठं आतडं आणि लाळग्रंथी इथेही हीच व्यवस्था आहे.

तुम्ही वाचलं ते यापुढचं. टी-पेशींच्या एएलएलपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या काही पेशीरेषांत, सीईएम-सी७ आणि मोल्ट-४ यांत, हा प्रकार २ सापडला. म्हणजे औषध पेशीत शिरतं, पण रिसेप्टरपर्यंत पोहोचायच्या आधी त्यातलं काही मोडलं जातं. तो अडवला की पेशी स्टेरॉइडला जास्त दाद देतात. कल्पना सुंदर आहे आणि जीवशास्त्राच्या दृष्टीने पटणारी आहे. पण ती तुमच्या भाच्याला लावण्याआधी तीन गोष्टी बघायला हव्यात. त्या पेशी टी-प्रकारच्या, त्याचा आजार बी-पेशींचा. पेशीरेषा या बहुतेकदा दशकानुदशकं प्लास्टिकवर वाढलेल्या, रुग्णाच्या शरीरातल्या पेशींपासून खूप दूर गेलेल्या असतात. आणि तिसरी गोष्ट डोसची. निरोगी माणसाची अ‍ॅड्रिनल दिवसाला जेवढं कॉर्टिसॉल बनवते, त्याच्या अनेक पट ताकदीचं स्टेरॉइड आपण देतो. बीएफएम या जर्मन उपचारपद्धतीत प्रेडनिसोलोन दर चौरस मीटरला दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंत जातं. शरीरातल्या नैसर्गिक पातळीला जे एन्झाइम पुरं पडतं, ते या पुराला कितपत पुरं पडेल, हा वेगळा प्रश्न आहे.

डेक्सामेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. त्याच्या नवव्या कार्बनवर फ्लोरिनचा अणू आहे, आणि त्यामुळे प्रकार २ त्याला फारसं निष्क्रिय करू शकत नाही. ते रक्तात जास्त टिकतं आणि मेंदूभोवतीच्या द्रवातही चांगलं पोहोचतं. मग सगळ्या मुलांना तेच का देत नाहीत? युरोपातल्या एआयईओपी-बीएफएम २००० या अभ्यासात साडेतीन हजारांहून अधिक मुलांत दोन्हींची तुलना झाली. पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण प्रेडनिसोनच्या गटात १५.६ टक्के होतं, डेक्सामेथासोनच्या गटात १०.८. पण इंडक्शनमध्येच दगावलेल्या मुलांचं प्रमाण ०.९ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर गेलं, मुख्यतः जंतुसंसर्गामुळे, आणि एकूण जगण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच राहिलं. पेशीच्या आत जास्त हार्मोन पोहोचवलं की आजारावर परिणाम वाढतो हे खरंच. पण तेच हार्मोन न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हाडं, साखर आणि मन यांच्यावरही तेवढ्याच ताकदीने पोहोचतं. आपल्याकडे, जिथे गर्दीच्या वॉर्डात संसर्ग लवकर पसरतो, तिथे हा हिशोब आणखी काळजीने करावा लागतो. डेक्सामेथासोन किती दिवस द्यायचं यावर आपल्या डॉक्टरांनी बरंच काम केलं आहे आणि ते योग्यच आहे.

इथे ज्येष्ठमधाबद्दल सांगायलाच हवं. मूत्रपिंडातला तोच प्रकार २ ज्येष्ठमधातल्या ग्लिसिऱ्हेटिनिक अ‍ॅसिडमुळे बंद पडतो. प्रयोगशाळेत हे एन्झाइम अडवायला शास्त्रज्ञ हाच पदार्थ वापरतात. त्यामुळे कधी ना कधी कोणी तरी म्हणतंच की मग ज्येष्ठमधाचा काढा दिला तर स्टेरॉइड जास्त लागू पडेल. काढ्यातून ल्युकेमियाच्या पेशींवर काही परिणाम होतो याला आधार नाही. मूत्रपिंडावर मात्र नक्की होतो: पोटॅशियम घसरतं, पाणी साठतं, रक्तदाब चढतो. इंडक्शनमधल्या मुलांचा रक्तदाब स्टेरॉइडने आधीच वर गेलेला असतो, आणि तो फार चढला तर झटके येऊ शकतात. खोकल्यासाठी घरात ज्येष्ठमध चघळायला द्यायची सवय असते. या काही महिन्यांत ती थांबवा, आणि आजीला कारण समजावून सांगा, म्हणजे ती प्रेमापोटी गुपचूप देणार नाही.

मग या मुलाच्या पेशी स्टेरॉइडला दाद देतात की नाही, हे कळणार कसं? त्याचं उत्तर बहुधा त्याच्या फाइलमध्ये आधीच आहे. बीएफएम पद्धतीत पहिले सात दिवस प्रेडनिसोन आणि मणक्यातून मेथोट्रेक्झेटचं एक इंजेक्शन एवढंच देतात, आणि आठव्या दिवशी रक्तातले ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशी, मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये १००० पेक्षा कमी असतील तर चांगला प्रतिसाद. सुमारे ९० टक्के मुलं या गटात येतात. आपल्याकडेही अनेक केंद्रं आठव्या दिवसाचा हा आकडा नोंदवतात. भाच्याच्या कागदांत तो शोधा, नसेल तर डॉक्टरांना विचारा.

हा आकडा साधा दिसतो, पण तुमच्या प्रश्नाच्या संदर्भात त्याचं मोल मोठं आहे. गोळी आतड्यातून किती शोषली गेली, यकृताने किती बदलली, पेशीत प्रकार १ आणि प्रकार २ यांचं प्रमाण काय, रिसेप्टर किती आहेत, ते केंद्रकात जातात का, तिथे गेल्यावर पेशीला मारणारं बिम हे प्रथिन चालू होतं का: या सगळ्यांची बेरीज त्या एका आकड्यात आलेली असते. पुढे इंडक्शनच्या अखेरीस मॅरोमधला एमआरडी, म्हणजे सूक्ष्म प्रमाणात उरलेला आजार, तपासतात. त्याची सीमा साधारण ०.०१ टक्के, दहा हजार पेशींत एक. पेशीतलं एक एन्झाइम वेगळं मोजून या दोन चाचण्यांपेक्षा अधिक काही हाती लागत नाही, निदान आज तरी नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: त्या तपासणीच्या मागे लागू नका. संशोधनाखेरीज तिचा निर्णयासाठी वापर होत नाही.

स्टेरॉइडला दाद न देण्यामागे हार्मोन मोडणाऱ्या एन्झाइमपेक्षा इतर कारणं जास्त वेळा सापडतात, हेही लक्षात घ्या. सेंट ज्यूड रुग्णालयाच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की काही मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशींत कॅस्पेज-१ हे एन्झाइम जास्त असतं आणि ते ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच कापून टाकतं. म्हणजे हार्मोन शाबूत, पण त्याला धरणारा हातच तुटलेला. आजार उलटतो तेव्हा कधी रिसेप्टरच्या जीनमध्ये, एनआर३सी१ मध्ये, बदल सापडतो, कधी सीआरईबीबीपी या जीनमध्ये. कधी बिम चालूच होत नाही.

आता एकेआर१सी३. हे एन्झाइम नावाने रुक्ष असलं तरी त्याच्या कामाचा आवाका मला चकित करतो. ते अँड्रोस्टेनडायोनचं टेस्टोस्टेरॉन करतं, प्रोजेस्टेरॉनचं कमी ताकदीचं रूप करतं, आणि प्रोस्टाग्लँडिन डी२ या संदेशवाहक द्रव्याचं रूपही बदलतं. म्हणून प्रोस्टेट कॅन्सरचे डॉक्टर त्याच्याकडे एका नजरेने बघतात आणि आम्ही रक्ताचे डॉक्टर दुसऱ्या नजरेने.

बर्मिंगहॅममधल्या गटाने एचएल-६० या पेशींवर केलेलं काम इथे मध्यवर्ती आहे. या पेशी १९७७ मध्ये एका ३६ वर्षांच्या स्त्रीच्या ल्युकेमियापासून वेगळ्या केल्या गेल्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतात. त्या मायलॉइड प्रकारच्या, म्हणजे भाच्याच्या आजाराहून वेगळ्या कुळातल्या. रेटिनॉइक अ‍ॅसिड किंवा ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप दिलं की त्या परिपक्व होऊ लागतात. या गटाला दिसलं की इंडोमेथासिन किंवा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन यांनी एकेआर१सी३ अडवलं की कमी औषधातच परिपक्वता येते. २००३ च्या त्यांच्या कामात एकेआर१सी३ जास्त असलेल्या पेशी परिपक्व व्हायला नकार देत होत्या. कारण असं मांडलं गेलं: हे एन्झाइम प्रोस्टाग्लँडिन डी२ ला अशा वाटेने नेतं की त्यापासून पुढे पेशीला थांबवणारी जे२ मालिकेतली द्रव्यं तयारच होत नाहीत. एन्झाइम अडवलं की ती वाट बंद होते आणि जे२ तयार होतं.

यातला विचार लक्षात घेण्यासारखा आहे. पेशीत आलेलं संदेशवाहक द्रव्य तेच, पण एन्झाइम ते कुठे वळवतं यावर पेशी वाढत राहणार की मोठी होऊन थांबणार हे ठरतं. त्या गटाने पुढे वयस्कर, जोरदार केमोथेरपी झेपणार नाही अशा एएमएलच्या, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या, रुग्णांना बेझाफायब्रेट हे चरबी कमी करणारं औषध आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन एकत्र दिलं. काहींच्या रक्तात सुधारणा दिसली, पण ते नेहमीच्या उपचारात आलं नाही. जुन्या, स्वस्त, गोळीच्या औषधांना नवं काम देण्याची ती कल्पना मला आजही महत्त्वाची वाटते, विशेषतः ज्या देशांत रुग्णाच्या खिशाचा विचार औषध निवडतानाच करावा लागतो तिथे.

एकेआर१सी३ चा आणखी एक पैलू तुमच्या भाच्याच्या जवळचा आहे. हे एन्झाइम डॉनोरुबिसिनसारख्या औषधाचा कीटोन गट बदलून त्याचं कमी प्रभावी रूप करतं. म्हणजे हार्मोनसाठी असलेलं यंत्र केमोथेरपीचं औषधही मोडतं. आणि हीच गोष्ट उलटी फिरवून औषध करण्याचा प्रयत्न झाला. पीआर-१०४ हे सुप्त औषध कमी ऑक्सिजनमध्ये जागं होतं, आणि ऑक्सिजन असतानाही एकेआर१सी३ त्याला जागं करतं. सिडनीमधल्या संशोधकांनी मुलांच्या ल्युकेमियाच्या पेशी उंदरांत वाढवून दाखवलं की टी-एएलएलमध्ये हे एन्झाइम बी-एएलएलपेक्षा बरंच जास्त असतं आणि म्हणून औषध तिथे जास्त लागू पडतं. मोठ्यांमधल्या चाचण्यांत मात्र अडचण आली ती बोन मॅरोची. निरोगी मॅरोच्या पूर्वज पेशींतही एकेआर१सी३ असतं, त्यामुळे औषध तिथेही जागं होतं आणि रक्तपेशी दीर्घकाळ खाली जातात. ओबीआय-३४२४ हे त्याच धर्तीवरचं नंतरचं, जास्त नेमकं औषध. बी-एएलएल असलेल्या, पहिल्याच उपचारात असलेल्या मुलाशी सध्या या दोन्ही औषधांचा संबंध येत नाही.

बोन मॅरो हे हार्मोन घेणारं आणि घडवणारं, दोन्ही आहे, हे यातून लक्षात आलं असेल. त्याचं सर्वांत जुनं उदाहरण ल्युकेमियातलं नाही, ज्यात मॅरोमध्ये रक्तपेशी बनणंच थांबतं त्या अप्लास्टिक अ‍ॅनिमियातलं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १९६० च्या दशकात कॅपास आणि त्यांचे सहकारी, आणि नंतर इतरांनी दाखवलं की टेस्टोस्टेरॉन मोडताना तयार होणारी काही 'पाच-बीटा' रूपं, जी लैंगिक हार्मोन म्हणून निरुपयोगी आहेत, हीम आणि हिमोग्लोबिनच्या निर्मितीला चालना देतात. म्हणजे जे आपण हार्मोनचा कचरा समजत होतो, ते मॅरोसाठी कामाचं निघालं. पुढे २००९ मध्ये कलाडो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अँड्रोजन दिल्यावर रक्ताच्या पूर्वज पेशींत टेलोमेरेज, म्हणजे गुणसूत्रांची टोकं (टेलोमिअर) राखणारं एन्झाइम, वाढतं, पण अरोमॅटेज हे एन्झाइम लेट्रोझोलने अडवलं की ही वाढ होत नाही, कारण अँड्रोजनचं पेशीतच इस्ट्रोजेन होऊन ते टेलोमेरेज वाढवत असतं. २०१६ मध्ये टेलोमिअरच्या जन्मजात आजाराच्या रुग्णांना डॅनाझॉल रोज ८०० मिलिग्रॅम दिल्यावर तीन महिन्यांत २४ पैकी १९ जणांच्या रक्तपेशी सुधारल्या. भारतात स्टॅनोझोलॉल आणि डॅनाझॉल अप्लास्टिक अ‍ॅनिमियात अनेक वर्षं वापरली जातात, विशेषतः ज्यांना प्रत्यारोपण किंवा एटीजी हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध परवडत नाही त्यांच्यासाठी. पण हे लिहिताना स्पष्ट सांगतो: ल्युकेमियाच्या मुलाला यातलं काहीही द्यायचं नसतं. अशक्तपणावर 'ताकदीची गोळी' म्हणून अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड सुचवणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका.

अरोमॅटेज मॅरोमधल्या हाडाच्या आणि चरबीच्या पेशींतही असतं. उंदरांत मादीच्या रक्ताच्या मूळ पेशी नरापेक्षा जास्त वेळा विभागतात आणि ते इस्ट्रोजेनमुळे घडतं, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. गरोदरपणात हा वेग आणखी वाढतो. यापुढचं संशोधन अजून चालू आहे, म्हणून इथे एवढंच.

मॅरोतल्या शेजारच्या पेशींबद्दल मात्र थोडं जास्त सांगतो, कारण तिथे मला या सगळ्या विषयाचं सर्वांत व्यावहारिक रूप दिसतं. अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १९८८ मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने २४ रुग्णांना रेटिनॉइक अ‍ॅसिड, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं हार्मोनसारखं काम करणारं रूप, देऊन आजार मागे हटवल्याचं प्रसिद्ध केलं. त्या आधी हा आजार अनेकदा काही दिवसांत रक्तस्रावाने जीव घेत असे. आज आर्सेनिक ट्रायऑक्साइडच्या जोडीने तो बरा होणाऱ्या ल्युकेमियांत मोडतो. पण इतर प्रकारच्या एएमएलमध्ये रेटिनॉइक अ‍ॅसिड एकट्याने अपेक्षेइतकं चाललं नाही. त्याचं एक कारण सीवायपी२६ हे एन्झाइम. ते रेटिनॉइक अ‍ॅसिड मोडतं. औषध सुरू झाल्यावर शरीर हे एन्झाइम वाढवतं, म्हणून काही आठवड्यांत रक्तातली पातळी घसरते. आणि जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने दाखवलं की मॅरोमधल्या आधारपेशी सीवायपी२६ मुबलक बनवतात आणि आपल्या आसपास रेटिनॉइडची पातळी खाली ठेवतात. शेजारी राहणारी ल्युकेमियाची पेशी त्यामुळे रक्तात पुरेसं औषध असूनही वाचते. त्याच गटाने दाखवलं की सीवायपी३ए४ सारखी, यकृतात औषधं मोडणारी एन्झाइमही मॅरोच्या आधारपेशींत असतात.

आता व्यवहाराच्या गोष्टी, तुमच्या पहिल्या प्रश्नासह.

हार्मोनच्या तपासण्या आत्ता करू नका. प्रेडनिसोलोन चालू असताना कॉर्टिसॉल मोजलं तर दोन चुका एकत्र होतात. मुलाची स्वतःची अ‍ॅड्रिनल झोपलेली असते, आणि अनेक यंत्रांत प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. टेस्टोस्टेरॉन सात वर्षांच्या मुलात तसंही नगण्य असतं. आणि वर सांगितलं त्याप्रमाणे, रक्तातल्या पातळीवरून मॅरोच्या पेशीत काय चाललं आहे ते कळत नाही.

ज्या हार्मोनची काळजी खरोखर घ्यायला हवी ते म्हणजे स्टेरॉइड संपल्यावरचं मुलाचं स्वतःचं कॉर्टिसॉल. चार-पाच आठवडे मोठ्या डोसमध्ये स्टेरॉइड घेतल्यावर अ‍ॅड्रिनल लगेच जागी होत नाही. काही मुलांत आठवडे लागतात. त्या काळात जोराचा ताप, उलट्या, जुलाब किंवा शस्त्रक्रिया आली तर शरीराला लागणारं जास्तीचं कॉर्टिसॉल मिळत नाही. मूल गळून जातं, रक्तदाब पडतो, साखर घसरते. त्यामुळे इंडक्शननंतर तापासाठी कोणत्याही इस्पितळात जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की याला नुकतंच स्टेरॉइड बंद झालं आहे. गरज वाटल्यास ते हायड्रोकॉर्टिसोन देतील. हे वाक्य फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरी काळजी सीवायपी३ए४ ची. व्हिन्क्रिस्टिन हे केमोथेरपीचं औषध आणि स्टेरॉइड, दोन्ही हेच एन्झाइम मोडतं. बुरशीवरची इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल ही औषधं ते अडवतात. मग व्हिन्क्रिस्टिन शरीरात साचतं: पाय लुळे पडतात, पापण्या उचलत नाहीत, शौच अनेक दिवस होत नाही, झटके येतात. त्वचेवरच्या बुरशीसाठी इट्राकोनाझोल आपल्याकडे सर्रास लिहून दिलं जातं. भाच्याला कोणीही, कोणत्याही कारणाने, नवं औषध दिलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

आणि एक गोष्ट तुमच्यासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहितो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी काहींना निदानाच्या आधी ताप आणि सांधेदुखीवर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन किंवा प्रेडनिसोलोन दिलेलं असतं. दोन दिवसांत मूल खेळू लागतं, घरचे सुखावतात. कारण ल्युकेमियाच्या पेशी त्या हार्मोनने तात्पुरत्या विरघळलेल्या असतात. मग रक्ताच्या तपासणीत आणि कधी मॅरोतही ब्लास्ट दिसत नाहीत, निदान आठवड्यांनी पुढे जातं, आणि आठव्या दिवसाच्या आकड्याचा अर्थच लावता येत नाही. फिकट पडलेलं, अंगावर निळे डाग असलेलं, हाडं दुखतात म्हणणारं, ताप न उतरणारं मूल समोर असेल तर स्टेरॉइडच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करणं आणि रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे कुठल्याही दवाखान्यात शक्य आहे.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्यासारख्या गोष्टी अशा: आठव्या दिवशी ब्लास्ट किती होते, इंडक्शनच्या शेवटी एमआरडी कोणत्या दिवशी होणार आणि तो कोणत्या पद्धतीने मोजणार, जनुकीय तपासणीत ईटीव्ही६-रनएक्स१ किंवा बीसीआर-एबीएल१ सारखं काही सापडलं का, आणि स्टेरॉइड कमी कसं करत नेणार. एमआरडीचा अहवाल आला की त्यातला आकडा आणि मोजलेल्या पेशींची संख्या दोन्ही लिहून घ्या.